पाटी हाताने पुसायची नाही

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. घरात म्हणायचे, हिला मास्तरीण करू नका, पोरं शाळा सोडून पळतील. पोरांना शिकवायची वेळ काही आली नाही, पण पोरांच्या आयांना शिकवायची आली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जिल्ह्यात साक्षरता अभियान आलं होतं. मी बारावी होऊन घरात बसले होते, डी.एड.ला नंबर लागला नव्हता आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. घरात रिकामी बसलेली मुलगी सगळ्यांच्याच डोळ्यांत खुपते. अभियानाला स्वयंसेवक हवेत असं कळलं तशी मी तालुक्याला जाऊन नाव देऊन आले.

मला वाटलं, मुरबाडला नाहीतर शहापूरला एखाद्या शाळेच्या खोलीत वर्ग मिळेल, पंखा असेल, फळा असेल. मिळाली ती डोंगराच्या पोटातली ठाकरवाडी. आमच्या गावापासून पायवाटेने चढत जायचं, वाटेत एक ओहोळ ओलांडायचा, की वाडी. आमचं कुणब्यांचं गाव आणि ती वाडी यांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा, पण तो लावणीपुरता आणि कापणीपुरता. त्यांच्या बायका आमच्या खाचरात राबायच्या, आमच्या ओट्यावर बसून भाकरी खायच्या. त्यांच्या घरात आमच्यातलं कोणी जाऊन बसल्याचं मला आठवत नाही. आई म्हणाली, "जातेस तर जा, पण पाणी आपलं ने." मी बाटली नेली आणि पहिल्या आठवड्यातच नेणं सोडलं. एवढ्या उन्हात चढ चढून गेल्यावर कुणाचं पाणी नि काय.

वर्ग संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात घ्यायचा, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. वाडीतल्या बायकांनी तो बेत पहिल्याच दिवशी मोडीत काढला. संध्याकाळी चूल कोण पेटवणार, आणि कंदिलात रॉकेल कोण घालणार? मग ठरलं की दुपारी, मोळी आणून टाकली की, आंब्याच्या सावलीत बसायचं. पुरुष यायचे नाहीत. खरं सांगायचं तर अर्धी वाडी जागेवरच नव्हती. दिवाळी सरली की माणसं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. आणि अभियान सुरू झालं होतं नेमकं दिवाळीनंतर. ज्याने कोणी ते वेळापत्रक केलं त्याला एकदा तरी कल्याणच्या बाजूला भट्टीवर नेऊन बसवायला हवं होतं. पण मला कोण विचारतंय.

मागे राहिल्या त्या म्हाताऱ्या, बाळंतिणी, आणि एक विधवा बाई. तिचीच गोष्ट सांगायची आहे. भट्टीवाला माणसं घेतो ती जोडीने, नवरा आणि बायको. हिचा नवरा साप चावून गेला होता, त्यामुळे हिला कोणी घेईना. एकुलती एक मुलगी, लग्नाला आलेली, ती मामा-मामीबरोबर भट्टीवर गेली होती. आई एकटी घरी, एक शेळी आणि चार कोंबड्या सांभाळत. मी तिला मावशी म्हणायचे. ती मला मास्तरनी म्हणायची, आणि त्या म्हणण्यात थोडी थट्टा असायची, कारण मी तिच्या मुलीपेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी असेन.

पहिल्या दिवशी प्रत्येकीला पाटीवर तिचं नाव काढून दिलं आणि गिरवायला लावलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "पुसा, आता नवीन अक्षर घेऊ." एकीचाही हात हलला नाही. सगळ्याजणी पाट्या पदराखाली धरून आल्या होत्या, कालचं नाव पुसू नये म्हणून. मी परत सांगितलं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढा चढ चढून मी येते ती काय रोज तेच नाव बघायला? तेव्हा ही मावशी शांतपणे म्हणाली, "हातानं नाय पुसायचा गो. माणूस जिता हाय ना."

मग तिनेच मला समजावलं. लग्नघरात आतल्या भिंतीवर चौक काढतात. भिंत सारवून, गेरू लावून, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात काडी बुडवून चौकट काढायची, तिच्यात देव, झाडं, वेली. एकदा काढलेला चौक मग कोणी हाताने पुसत नाही. तो आपोआप झडतो, नाहीतर पावसाची ओल लागून जातो. काढलेलं हाताने पुसलं तर ज्याच्यासाठी काढलं त्याला बाधतं, अशी त्या वाडीची समजूत. आणि नाव तर थेट माणसाचंच.

मी हुज्जत घातली, अंधश्रद्धेवर प्रशिक्षणात ऐकलेलं सगळं त्यांना ऐकवलं. माझ्या तोंडाचा पट्टा थांबेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं आणि पाट्या तशाच मांडीवर ठेवल्या. शेवटी तोडगा मावशीनेच काढला. पाट्या ओहोळावर न्यायच्या आणि वाहत्या पाण्यात धरायच्या. पाण्याने नेलं ते चालतं. झालं, रोज वर्गाची सुरुवात अशी, की आम्ही सगळ्याजणी रांगेने ओहोळावर जाणार, पाट्या पाण्यात धरणार, पुढे पाणी आटलं तसं डोहात बुडवणार, आणि ओल्या पाट्या घेऊन परत. तालुक्याच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. मीही हसले, हसायला काय जातंय.

या मावशीचा हात फार चांगला होता. नवरा होता तोवर आसपासच्या वाड्यांतून तिला चौक काढायला बोलावणं यायचं. नवरा गेला आणि ते बंद झालं, कारण चौक काढायचा तो सवाष्णींनीच. कित्येक वर्षांत तिने हातात काडी धरली नव्हती. पेन्सिल धरली ती त्या आंब्याखाली. बाकीच्या बायका पेन्सिल अशी दाबायच्या की पाटीवर ओरखडे उठायचे. ही मनगट न टेकवता एका दमात रेघ ओढायची. स्वतःचं नाव चार दिवसांत झालं. मी म्हटलं, आता पुढचा धडा. ती म्हणाली, "धडा नको. माज्या पोरीचा नाव शिकव."

मुलीचं लग्न ठरलं होतं, वैशाखात. मुलगा माळशेजच्या रस्त्याकडे, वैशाखरे गावाच्या पुढच्या वाडीतला. सगळं चांगलं होतं, एकच गोष्ट झाली होती. त्या घरात मोठ्या सुनेचं नाव आणि या मुलीचं नाव एकच निघालं. एका घरात एका नावाच्या दोन सुना नकोत, म्हणून लग्नातच हिचं नाव बदलणार असं त्यांनी सांगून टाकलं होतं. मावशी तेव्हा हो म्हणाली, मुलीकडची बाजू, काय बोलणार? पण ते नाव तिने स्वतः ठेवलेलं. बाळंतपणात दोन मुलं गेली होती, तिसरी ही जगली, म्हणून सासूशी भांडून, आपल्या मर्जीचं.

"तुमच्या गावात नाय का लिवत," ती मला म्हणाली. तुमच्या गावात म्हणजे आम्हा कुणब्यांच्या. लग्नघराच्या बाहेरच्या भिंतीवर नवरा-नवरीचं नाव रंगवून घेतात, ते तिने वर्षानुवर्षं येता-जाता पाहिलं होतं. "तसा लिवायचा हाय. लगनाच्या दिवशी. मंग तो नाव कुटं ऱ्हायचाच नाय. एकदा भितीवर येऊ दे."

मी अभियानाची पुस्तिका बाजूला ठेवली आणि तिला मुलीचं नाव शिकवलं. तीन अक्षरांचं नाव, मधल्या अक्षराला वेलांटी. पहिले दोन-तीन दिवस जड गेले. मग जमलं, आणि जमलं ते असं की मीच बघत राहिले. वेलांटी ती माझ्यासारखी आखूड काढायचीच नाही. चौकातली वेल जशी कडेने फिरवतात तशी ती लांब फिरवून, टोकाला किंचित वळवून आणायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, एवढी लांब नको." ती म्हणाली, "तुजी तू काढ गो. ही माज्या पोरीची हाय." मग मी त्या वेलांटीच्या वाटेला गेले नाही.

वाडीत ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो. लग्न लावणारी, लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी धवलारीण होती, तिच्या कानावर गेलं. ती वर्गाला कधी यायची नाही, लांब बसून तंबाखू मळत आमच्याकडे बघायची. एका दुपारी उठून सरळ आंब्याखाली आली आणि मावशीला म्हणाली, "लगनाच्या भितीला पांढरा लावायचा तो सवाष्णीनं. तुजा कपाळ मोकळा हाय. पोरीचा वाईट करतेस काय?"

माझ्या जिभेवर आलं होतं. बोलले असते तर सगळंच बिघडलं असतं. मावशीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं आणि म्हातारीला म्हणाली, "मी चौक नाय काढत आये. नाव लिवते. नाव लिवायला नवरा लागतो काय गो?"

म्हातारीच्या आयुष्यात असा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. ती तंबाखू मळत राहिली, पाटी हातात घेऊन उलटीसुलटी बघितली, मावशीला तिथेच ते नाव काढायला लावलं. बराच वेळ त्या वेलांटीकडे बघत होती. मग म्हणाली, आतल्या भिंतीला हात लावायचा नाही, ती देवाची. बाहेरच्या, वाटेकडच्या भिंतीवर लिही. तांदळाचं पीठ नको, खडू चालेल. सरकारी खडूला आमचा कायदा नाही, असं काहीतरी ती पुटपुटली आणि निघून गेली. त्या दिवशी मावशीने मला कोंबडीचं अंडं दिलं, घरी न्यायला. ते मी आईला सांगून खाल्लं.

चैत्रात परीक्षा झाली. पेपर म्हणजे काय, दोन ओळी वाचायच्या, नाव लिहायचं, एक बेरीज. मावशी पास झाली. परीक्षेनंतर पाट्या गोळा करून तालुक्याला जमा करायच्या होत्या. बायकांनी पाट्या शेवटच्या डोहात बुडवल्या आणि माझ्या गोणीत आणून टाकल्या. मावशीची पाटी मी हातात घेतली तेव्हा ती ओली होती, अक्षराचं नामोनिशाण नाही. ती एक पाटी मी न बुडवता बाजूला ठेवायला हवी होती, असं आज वाटतं. तेव्हा असं काही मनात येण्याचं कारण नव्हतं. अजून अख्खी भिंत लिहायची बाकी होती.

भिंत तिने मन लावून तयार केली. कारवीचा कूड, त्याला माती लिंपून, शेणाने सारवून, परत घोटून. बाहेरची ती एकच भिंत वाटेकडची. मागच्या भिंतीला शेळीचा गोठा टेकलेला, एका बाजूला दुसऱ्याचं घर. दारापासून कोपऱ्यापर्यंत ती भिंत अशी गुळगुळीत केली होती की हात फिरवला तर खडा लागत नव्हता. मुलगी लग्नाच्या दोन दिवस आधी भट्टीवरून येणार होती. तिला सांगितलं नव्हतं. "येंल तवा बगंल," मावशी म्हणायची. खडू मी दिले होते, ते तिने उतरंडीच्या वरच्या मडक्यात ठेवले होते.

लग्नाच्या आठवड्यात मी मुद्दाम वर गेले. मांडवाला जांभळीचे टहाळे हवे होते म्हणून आम्ही दोघी रानात गेलो. दुपार कलताना परत आलो, तर वाडीच्या तोंडाशीच चुन्याचा वास आला. मावशीच्या भिंतीवर दारापासून कोपऱ्यापर्यंत चुन्याचा पट्टा मारला होता आणि त्यावर निळीने हातहातभर अक्षरं काढली होती. पेंटर आणि तालुक्याचा एक माणूस येऊन गेले होते. पाहणीसाठी कोणी मोठे साहेब येणार होते, म्हणून वर्ग झालेल्या प्रत्येक गावात घोषणा रंगवायची होती. वाडीत त्यांनी सगळ्यात चांगली भिंत शोधली. घरात कोणी नव्हतं, विचारायचं कोणाला? आणि बाकीच्यांना वाटलं, मास्तरणीनेच पाठवलं असेल.

मावशी डोक्यावरचा भारा न उतरवता उभी राहिली आणि वाचायला लागली. बोट हवेत धरून, एकेक अक्षर. "आ-ई शि-क-ली, वा-डी जिं-क-ली." पूर्ण वाचलं. पुस्तिकेबाहेरचं तिने वाचलेलं ते पहिलं वाक्य. माझी विद्यार्थिनी भिंतीवरचं वाचते आहे, याचा मला क्षणभर आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग तिने माझ्याकडे बघितलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या शेणाच्या टोपलीत हात घातला आणि म्हटलं, "थांब, मी सारवून टाकते. कोण येतो बघू विचारायला." मी पहिला हात मारणार तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. तिच्या हातात जोर होता.

"नको," म्हणाली. "लिवलेला हाय."

"अगं, ही घोषणा आहे. हे कोणाचं नाव नाही. कोणाला काही बाधत नाही."

"आई लिवलाय ना तितं," ती म्हणाली. "आई शिकली. मी वाचला. आता त्याच्यावर शेण कसा लावू? लगनाच्या घरी?"

मी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. बरं, खाली जागा आहे तिथे लिही म्हटलं, तर खाली जोतं, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागणार, पायाशी पोरीचं नाव कसं लिहायचं? कागदावर लिही, मी दाराला लावते, म्हटलं. ती नुसती मान हलवत राहिली. कागद कालचा पोर, तो कोण बघतो. शेवटी मी धवलारणीकडे गेले. म्हटलं, तूच सांग तिला, पुसायला हरकत नाही म्हणून. म्हातारी माझ्याबरोबर आली, भिंतीसमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, काय लिहिलंय? मावशीने वाचून दाखवलं. म्हातारी म्हणाली, "मंग पाऊस घेंल तवा घेंल," आणि परत गेली.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या ऑफिसात जाऊन भांडले. तिथले साहेब वाईट नव्हते, त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, ताई, भिंत कोणाची हे आम्हाला काय माहीत, आणि एवढं काय त्यात, घोषणा चांगलीच आहे की. मी म्हटलं, घोषणा चांगली आहे, तुमच्या घरावर रंगवा. ते हसले. पाहणीचे साहेब मोठ्या रस्त्यावरच्या गावातूनच परत गेले, वाडीपर्यंत कोणी चढलंच नाही.

लग्न झालं. मी गेले होते. मुलगी भट्टीवरून काळवंडून आली होती, हळद लागल्यावर जरा उजळली. भिंतीवर एवढं मोठं निळं काय लिहिलंय ते तिने विचारलं, आईने वाचून दाखवलं, मुलगी खूश झाली. वऱ्हाडात एक वाचता येणारा होता. तो मोठ्याने वाचून म्हणाला, "वाडी जिंकली, मंग आमी काय हरलो काय रे?" मांडवात हशा पिकला. मावशीही हसली. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत होती, म्हणून मी तिच्याकडे बघायचं टाळलं. लग्न लागल्यावर सासूने मुलीच्या तोंडात गूळ घातला आणि नवीन नाव सांगितलं. ते नावही चांगलंच होतं. निघताना सगळे तिला त्याच नावाने हाका मारायला लागले, लहान पोरंसुद्धा, नवं खेळणं मिळाल्यासारखी.

आषाढात आमच्याच खाचरात लावणीला मावशी आली होती. मी तिला बांधावर गाठलं. म्हटलं, नीळ गेली ना आता भिंतीवरची? ती म्हणाली, नीळ पावसाच्या पहिल्या आठवड्यातच गेली, चुनाही पोपडे धरून पडतोय. "मग आता लिही," मी म्हटलं. "खडू आहेत ना?"

ती वाकलेली होती, तशीच वळून माझ्याकडे बघून म्हणाली, "आता कोनाचा लिवू?"

तिने रोपांची पुढची मूठ सोडवली आणि लावणी चालू ठेवली. त्या वर्षी दिवाळीनंतर वर्ग परत सुरू झाला नाही. आमचा तालुका झाला साक्षर, असं सांगण्यात आलं. माझंही लग्न ठरलं, मी वाशिंदला आले. नवरा कारखान्यात, नवीन बिल्डिंगमध्ये दोन खोल्या, मग मुलं, त्यांच्या शाळा. वाडीवर जायचं म्हणत म्हणत गेले नाही. माहेरी गेले की आई सांगायची, तुझी ती मावशी विचारत होती. मग एका वर्षी आईने सांगितलं, ती गेली. मी विचारलं, कधी? आई म्हणाली, झाला की बराच काळ, तुला सांगायचं राहून गेलं.

आता अलीकडचं. म्हणजे तेही होऊन गेली काही वर्षं, मुलगा दहावीत होता तेव्हाचं. नणंदेकडे जायचं म्हणून मुरबाडला माळशेजकडे जाणाऱ्या एस.टी.त बसले. शेजारी करवंदांची पाटी पायाशी घेऊन एक बाई बसली होती. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, करवंदं घ्या म्हणेल. ती म्हणाली, "तुमी मास्तरनी ना?"

मी ओळखलं नाही. तिने नाव सांगितलं, सासरचं, तरी ओळखलं नाही. मग तिने आवाज खाली करून, बसमध्ये कोणी ऐकू नये असं, जुनं नाव सांगितलं. इतक्या वर्षांत ते नाव मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिचे केस कानाजवळ पांढरे झाले होते.

आम्ही आईबद्दल बोललो. शेवटचे काही महिने आई तिच्याकडेच होती, अंथरुणाला खिळून. म्हणाली, "आये सांगायची, मास्तरनीनं मला तुजा नाव शिकवला. भितीवर लिवायचा व्हता, पन भीत सरकारनं घेतली." मी खिडकीबाहेर बघायला लागले. ती पुढे सांगत होती, "पडल्या पडल्या माजा हात घ्यायची नि तळव्यावर बोटानं काडत बसायची. कवा कवा दिवसभर. मला गुदगुल्या व्हायच्या. मी सांगायची, आये, पुरं कर, मला कामं हायत."

"तुला वाचता येतं?" मी विचारलं.

"नाय. पोरी जातात शाळंत. पन त्यांना नवाच नाव म्हायती, त्यो जुना कोन लिवतो?" मग तिने हात पुढे केला. तळवा करवंदांच्या चिकाने काळा पडलेला होता, तिने तो लुगड्याला पुसला आणि परत पुढे केला. "तुमी काडा ना. कसा दिसतो तो बगू दे."

पर्समध्ये पेन होतं. रस्ता खराब, बस हलत होती. मी तिचा हात मांडीवर घेतला आणि लिहिलं. पहिलं अक्षर बरं आलं. मधल्या अक्षराला वेलांटी द्यायची होती. ती आखूड देऊन चालणार नव्हतं, मला माहीत होतं ती कशी होती, कुठून उचलायची, कुठे फिरवायची, टोकाला कशी वळायची. मी ती तशी काढायचा प्रयत्न केला. घामाने पेन सरकलं. परत गिरवली तर आणखी बिघडली.

ती हात डोळ्यांजवळ धरून बघत होती. "आयेचा असाच यायचा काय?" तिने विचारलं.

मी हो म्हणू शकले असते. तिला काय कळणार होतं? पण माझ्याच्याने ते बोलवेना. म्हटलं, "नाही गं. तुझ्या आईचं फार सुंदर यायचं. मला तसं जमत नाही."

तिने मान डोलावली, जणू हे तिला आधीच ठाऊक होतं. वैशाखऱ्याच्या पुढे तिचा थांबा आला. तिने करवंदांची पाटी डाव्या हाताने काखेला मारली, उजवा तळवा उघडाच ठेवला, आणि दाराचा दांडा न धरता उतरायला लागली. कंडक्टर खेकसला, दांडा धर ना बाई, पडशील. तिने कोपर टेकवलं आणि तशीच उतरली.